मदत हवी आहे: स्टर्नड्राइव्हचं बेअरिंग आणि सील

माझ्या बोटीला स्टर्नड्राइव्ह आहे (इंजिन आत, गिअर-प्रॉपेलरचं युनिट मागे बाहेर). बोट वळवली की गिंबल बेअरिंग (इंजिनकडून ड्राइव्हकडे जाणाऱ्या शाफ्टला आधार देणारं) घरघरतं, सरळ चालताना गप्प. ड्राइव्ह उतरवलं तर बेलोजच्या (शाफ्टभोवतीच्या रबरी घडीदार नळीच्या) घडीत बारीक चीर, आत पाणी आणि बेअरिंगमधून गंजाचा लाल चिखल. ते दोन्ही बदलतोय, इंजिन-ड्राइव्हची अलाइनमेंटही तपासणार. तिथे शंका नाही.

खरी डोकेदुखी खाली गिअरबॉक्समध्ये आहे. गिअर ऑइल दुधाळ निघालं, म्हणजे आत पाणी शिरलंय. प्रॉपेलर शाफ्टवर सील घासतं तिथे नख अडकेल एवढी खाच पडलीय (मागे तंगूस, म्हणजे मासेमारीची दोरी, गुंडाळलेली, दुसरं काय!). नवं सील जरा मागेपुढे बसवून भागेल, की शाफ्टच बदलू? दोन्ही सीलची तोंडं विरुद्ध दिशांना ठेवायची ना? आणि गिअरबॉक्समधलं बेअरिंग नवीन घातल्यावर जुनेच शिम (फट भरायच्या पातळ चकत्या) चालतात, की प्रीलोड (बेअरिंगवर आधीच दिलेला दाब) पुन्हा मोजावा लागतो? स्वतः केलेल्यांनीच सांगा.