परसातल्या फळांची वाईन: तुमची जमली की बिघडली?

सॅन होजे, कॅलिफोर्निया (धागाकर्ता)

घर घेतलं तेव्हा परसात प्लमचं झाड आहे म्हणून हरखलो होतो. सांता रोझा जातीचं, म्हणजे ल्यूथर बरबँकने १९०६ साली आणलेलं ते प्रसिद्ध वाण. पण हे झाड सगळं फळ दोन आठवड्यांत ओतून मोकळं होतं, हे कोणी सांगितलं नव्हतं. शेजाऱ्यांना वाटून झालं, ऑफिसात नेऊन झालं, जॅम झाला, चटणी झाली, आमटीत कोकमाऐवजीही घातलं (बरं लागतं). तरी दोन बादल्या उरल्याच. मग वाईन करायला घेतली.

मुरांब्याची सवय, म्हणून प्लम आधी मऊ शिजवले. साखर घातली, पावाचं यीस्ट घातलं. फसफसलं झकास. पण आठ महिने झाले तरी वाईन निवळायचं नाव नाही. गढूळ म्हणजे अगदी ताकासारखी. चव वाईट नाही, डोळे मिटून प्यावी लागते इतकंच. इथे कायद्याने घरात दोन प्रौढ असतील तर वर्षाला २०० गॅलन वाईन करता येते, एकट्याला १००. विकायची मात्र नाही. २०० गॅलन म्हणजे साडेसातशे लिटर! माझी बारा लिटर निवळेना.

तुमचे अनुभव लिहा. बिघडलेले आधी.

रेडिंग, इंग्लंड

शिजवलेत तिथेच घात झाला. हा गढूळपणा पेक्टिनचा, जॅम ज्याच्यामुळे धरतो तेच ते. फळ उकळलं की ते रसात उतरतं आणि मग वाईनमध्ये तरंगत बसतं. पेक्टिन तोडणारं पेक्टिक एन्झाइम मिळतं, ते अजूनही घालून बघा. अल्कोहोलमध्ये ते सुस्तावतं, म्हणून नेहमीपेक्षा जास्त घाला आणि खोली उबदार ठेवा.

पुढच्या वर्षी प्लम शिजवू नका. बिया काढा, हाताने कुस्करा आणि कॅम्डेनची गोळी चुरून टाका. गोळी म्हणजे मेटाबायसल्फाइट. आपल्याकडे आई-मावशी सरबत टिकावं म्हणून बाटल्यांत केएमएस घालायच्या, त्याच्याच घरातलं. बारा तासांनी एन्झाइम, आणखी बारा तासांनी यीस्ट. घाई केलीत तर गोळी यीस्टलाच मारते.

आणि रसातली साखर मोजायला हायड्रोमीटर घ्या हो! लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखर म्हणजे एक टक्का अल्कोहोल. बारा टक्के हवं तर दोनशे ग्रॅम, तेही फळाची स्वतःची साखर धरून. आमच्याकडे पहिल्या वर्षी ह्यांनी ब्लॅकबेरीत साखर अंदाजपंचे ओतली. थंडीत यीस्ट गारठून निजलं, आम्हाला वाटलं काम झालं, बाटल्या भरल्या. मे महिन्यात ऊन पडलं आणि जिन्याखालच्या कपाटात तीन बुचं एकामागोमाग उडाली. त्या कपाटात माझ्या माहेरच्या साड्यांची बॅग होती. ह्यांना अजून ऐकवते.

डिचोली, गोवा

आमची बिघडली ती चिलटांमुळे. दारात जांभळाचं झाड, खाली जांभळांचा नुसता सडा. बरणीच्या तोंडाला फडकं बांधलं होतं, ते एका बाजूने सैल राहिलं. वाईन आंबट झाली, मग आणखी आंबट. चिलटं अ‍ॅसिटोबॅक्टर पायाला लावूनच येतात, आणि हवा मिळाली की हा जिवाणू अल्कोहोलचं व्हिनेगर करून टाकतो. माझा जीव हळहळला. सासूबाईंनी बोट बुडवून चाटलं आणि म्हणाल्या, "टाकू नको गो." त्या वर्षीचं सुंगटांचं (कोळंबीचं) लोणचं अख्ख्या वाड्यात गाजलं.

काजूच्या बोंडांचीही करून पाहिली. रस घशाला धरतो, त्यावर साबुदाण्याची खळ घातली की चिकटा खाली बसतो. वाईन बरी झाली. पण मार्च-एप्रिलात ताजा उर्राक (काजूच्या रसाची पहिल्या धारेची दारू) मिळत असताना तिच्याकडे बघतो कोण?

ऑकलंड, न्यूझीलंड

इथे परसाचं फळ म्हणजे फिजोआ. पेरूचं लांबचं भावंड, हिरवं, अंड्याएवढं. झाडावरून तोडायचं नसतं, पिकलं की आपण होऊन पडतं. एप्रिलात रोज सकाळी बादली घेऊन वाकायचं, कंबरेचा व्यायाम. सगळ्यांकडेच पडत असल्यामुळे कोणी घेत नाही. लोक फाटकाबाहेर खोक्यात भरून "न्या" अशी पाटी लावतात.

मी गर चमच्याने काढून फ्रीझरमध्ये टाकते. दहा किलो जमला की एकदम घेते. गोठवल्याने गराच्या पेशी फुटतात, रस मोकळा सुटतो. पहिल्या वर्षी चार महिन्यांनी चाखली तर थेट दुखऱ्या गुडघ्याला लावायच्या मलमाची आठवण! फिजोआच्या वासात मिथाइल बेंझोएट असतं, त्याचा हा प्रताप. नवरा म्हणाला ओतून दे. आळसामुळे राहिली. दीड वर्षाने उघडली तेव्हा तो दर्प मागे हटला होता आणि अननस-पेरूच्या मधलं काहीतरी उरलं होतं. आता मी बाटलीवर तारीख घालते आणि गॅरेजमध्ये सर्वांत मागे लपवते.

शेजारचे काका सारखे म्हणतात, भट्टी लावून दारू गाळ. इथे १९९६ पासून स्वतःपुरतं घरी गाळायला मुभा आहे. पण भट्टी लावण्याइतकी हिंमत मी कराडहून आणलेली नाही.

वसई

आमच्या आजीकडे हायड्रोमीटर नव्हता आणि एन्झाइमही नव्हतं. वाडीत बावखलाच्या (छोट्या तळ्याच्या) काठाला जांभूळ. पाऊस पडायच्या आत जांभळं उतरवायची, नाहीतर पाणी पिऊन फिकी होतात. काचेची बरणी, जितकं फळ तितकीच साखर, उकळून गार केलेलं पाणी, यीस्ट आणि मूठभर गहू. २१ दिवस. रोज एकदा लाकडी डावाने ढवळायचं, एकाच दिशेने. उलट ढवळलं तर काय होतं हे विचारायची सोय नव्हती. मग गाळून अंधारात, थेट नाताळापर्यंत. जांभळाचा तुरटपणा सहा महिन्यांत मऊ होतो, हे तिला जिभेने ठाऊक होतं.

काळ्या द्राक्षांचीही व्हायची, पण ती विकतची. जांभळाची आपली.

साहेब, तुमच्याकडे २०० गॅलन. आमच्याकडे अजून १९४९ चा दारूबंदी कायदा, परवान्याशिवाय काहीच नाही. म्हणून ही सगळी आजीची गोष्ट आहे, माझी नव्हे. :)

अश्दोद, इस्रायल

आम्ही बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू, मूळचे अलिबागकडचे. शब्बाथच्या, म्हणजे आमच्या सुट्टीच्या पवित्र दिवसाच्या, किद्दुशला (वाईनवर म्हणायच्या आशीर्वादाला) कोकणात वाईन कुठली? आजी काळ्या मनुका भिजवायची, कुस्करायची, फडक्यातून पिळायची. त्या गोड पाण्यावरच आशीर्वाद म्हणायचा. ते आंबवलेलं नसायचं, ताजं करून ताजं संपवायचं.

इथे मांडवावर द्राक्षाचा वेल चढवला. चौथ्या वर्षी पहिल्यांदा घरची वाईन काढली. जरा कडवट झाली, बियांसकट दाबल्यामुळे असेल. आईने घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि आत जाऊन मनुका भिजत घातल्या.

सॅन होजे (धागाकर्ता)

रेडिंगताई, एन्झाइम घातलं, तुम्ही म्हणालात तसं दुप्पट. बाटली हीटरजवळ ठेवली आहे. आज नववा दिवस. वरची दोन बोटं स्वच्छ दिसतात, लालसर. बायको म्हणते भास आहे. उद्या बॅटरी लावून बघतो.