आरोग्यसेवेत बाजार आणला तर रुग्ण ग्राहक होतो का?

जमाखर्च (धागाकर्ता)
आरोग्यसेवा महाग होते ती बाजारामुळे नव्हे, बाजाराचा गळा आवळल्यामुळे, असं माझं ठाम मत आहे. उपचार घेणार एक, लिहून देणार दुसरा, बिल भरणार तिसरा. मग भाव विचारणार कोण?

बाजाराचं अपयश म्हणून सगळे अमेरिकेकडे बोट दाखवतात. पण दुसऱ्या महायुद्धात तिथं सरकारनं पगारवाढीला लगाम घातला, तेव्हा माणसं टिकवण्यासाठी मालकांनी आरोग्यविमा देऊ केला. पुढे करसवलतीमुळे ती सोय कायमची झाली. नोकरीबरोबर विमा जातो तो या धोरणामुळे. शिवाय १९७४ च्या संघीय कायद्यानं नवीन रुग्णालयासाठी ‘गरज’ सिद्ध करून परवाना घेण्याची पद्धत देशभर पसरवली. हा कायदा १९८६ मध्ये रद्द झाला, तरी अनेक राज्यांत परवाना चालूच आहे आणि त्यावर जुनी रुग्णालयं हरकत घेऊ शकतात. नवं दुकान उघडू द्यायचं का, हे जुन्या दुकानदाराला विचारण्यातला प्रकार!

उलट चष्मा घालवण्याची लेसिक शस्त्रक्रिया सहसा विम्यात बसत नाही. तिथं फी आधी कळते, लोक चार ठिकाणी चौकशी करतात.

रात्रपाळी
लेसिक पुढच्या महिन्यावर ढकलता येते हो. छातीत कळ आलेला माणूस चार ठिकाणी चौकशी करेल? मी अतिदक्षता विभागात काम करते. तिथं नातेवाईक एकच वाक्य बोलतात, “तुम्हाला योग्य वाटेल ते करा.” हा ग्राहक नाही, हा विश्वास टाकून मोकळा झालेला माणूस आहे. केनेथ ॲरो या अर्थतज्ज्ञानं १९६३ मध्येच हे मांडलं होतं: आजार कधी येईल ते कळत नाही, उपचार लागू पडेल की नाही याची खात्री नसते, आणि माहिती जवळजवळ सगळी डॉक्टरकडे असते.

जमाखर्च
तातडीच्या उपचारांबद्दल मान्य. पण सगळा खर्च काही तातडीचा नसतो. रँड या अमेरिकन संशोधन संस्थेच्या १९७० च्या दशकात सुरू झालेल्या प्रयोगात कुटुंबांना चिठ्ठ्या टाकाव्यात तशा वेगवेगळ्या विमा योजना दिल्या होत्या. ज्यांना खिशातून काही भरावं लागलं त्यांनी सेवा कमी वापरली, आणि सरासरी माणसाच्या तब्येतीत फारसा फरक पडला नाही.

रात्रपाळी
त्याच प्रयोगाचा पुढचा भाग का सोडलात? गरीब आणि आधीच आजारी असलेल्यांचा रक्तदाब मोफत सेवेत जास्त आटोक्यात राहिला. आणि पैसे भरायची वेळ आली तेव्हा लोकांनी अनावश्यक उपचार सोडले तसेच आवश्यकही सोडले. सरासरीच्या आड जो माणूस लपतो, तोच माझ्या वॉर्डात येतो.

जमाखर्च
हा मुद्दा मला खोडता येत नाही. म्हणूनच मी सिंगापूरकडे बघतो. तिथं १९८४ पासून मेडिसेव्ह आहे, प्रत्येकाच्या पगारातून त्याच्याच नावावर आरोग्यबचत. पैसा स्वतःचा असला की माणूस विचारून खर्च करतो. गरिबाच्या खात्यात सरकारनं भर घालावी, माझी ना नाही.

कडेचा वाचक
पण ती बचत सक्तीची आहे, रुग्णालयांतल्या बहुतेक खाटा सरकारी आहेत आणि २०१५ पासून मोठ्या आजारांचा विमाही सर्वांना बंधनकारक आहे. याला मुक्त बाजार म्हणणं कठीण.

आणि दोघंही रुग्णालयाच्या दारातच अडकलात. साथरोगांचं काय? गोवर थोपवायला साधारण ९५ टक्के लोकांना प्रतिकारशक्ती लागते. मी लस घेतली नाही तर त्याची किंमत शेजाऱ्याचं तान्हं बाळ मोजतं. ही किंमत कुठल्याच बिलावर येत नाही.

जमाखर्च
तिथं सरकारनं पैसा घालावाच. तरी लस बनवण्यात बाजार वापरता येतो. न्यूमोनियासारखे आजार रोखणाऱ्या न्यूमोकोकल लसीसाठी २००९ मध्ये काही देशांनी आणि गेट्स फाउंडेशननं दीड अब्ज डॉलरची हमी दिली: गरीब देशांना परवडेल अशी लस आणा, ठरल्या दरानं खरेदी होईल. कंपन्या पुढे आल्या, लस पोहोचली.

रात्रपाळी
हे पटलं. पण इथं भाव ठरवायला बसलेला ग्राहक कोट्यवधींची हमी देऊ शकत होता. माझा रुग्ण एकटा असतो, आणि सलाइन लावलेला. त्याच्या वतीनं भाव कोण ठरवणार, ते अजून तुम्ही सांगितलेलं नाही.