स्वरयंत्रावरचे पॅपिलोमा: पूर्ण भूल न देता लेझर कुणी करून घेतलंय का?

नमस्कार मंडळी, आईसाठी विचारतेय. तिच्या स्वरतंतूंवर पॅपिलोमा आहेत, म्हणजे चामखिळीसारख्या गाठी, एचपीव्ही ६ आणि ११ ह्या व्हायरसमुळे होतात त्या. बायोप्सी झालीय, कॅन्सर नाही, पण काढल्या तरी परत उगवतात हाच खरा ताप आहे. आधी पूर्ण भूल देऊन सीओटू लेझरने काढल्या, आवाज छान मोकळा झाला आणि मग हळूहळू पुन्हा बसत गेला. आता भजनाला टाळ घेऊन बसते पण तोंड उघडत नाही, बघवत नाही हो.

मध्यंतरी तिची अँजिओप्लास्टी झाली, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत, त्यामुळे भूलतज्ज्ञ परत पूर्ण भूल द्यायला राजी नाहीत. पुण्यातल्या एका ईएनटी डॉक्टरांनी दुसरा मार्ग सुचवलाय. खुर्चीतच बसवून नाकात-घशात लिग्नोकेनचा, म्हणजे सुन्न करायच्या औषधाचा, स्प्रे मारायचा, नाकातून बारीक दुर्बीण आणि तिच्यातूनच लेझरचा फायबर गाठीपर्यंत न्यायचा. हा हिरवा केटीपी लेझर, ५३२ नॅनोमीटरचा, तो रक्तातलं हिमोग्लोबिन शोषून घेतं म्हणून मुख्यतः गाठीच्या रक्तवाहिन्या जळतात आणि वरचं नाजूक अस्तर बरंचसं वाचतं. दोन्ही तंतू पुढे जिथे जुळतात तिथे एकदम दोन्हीकडे लेझर मारला तर ते एकमेकांना चिकटू शकतात, म्हणून थोडं थोडं, जास्त सिटिंगमध्ये करू म्हणाले. मला हे पटलंय.

पण आईला दात घासतानाही उमासे येतात! स्प्रेने ते खरंच थांबतात का, आणि मध्येच ठसका लागला तर डॉक्टर थांबून परत सुरू करतात का? ज्यांनी करून घेतलंय त्यांनी सांगा, दुखतं का नुसतं गरम लागतं? रक्ताच्या गोळ्या चालू ठेवूनच केलं का? नंतर किती दिवस बोलायचं नाही? घसा सुन्न आहे तोवर पाणीसुद्धा द्यायचं नाही एवढं माहितीये. आणि रात्री ॲडमिट नसेल तर मेडिक्लेमवाले डे-केअरमध्ये पास करतात का, हे कुणाला माहीत असेल तर तेही लिहा.

ज्येष्ठमध, हळदीच्या गुळण्या प्लीज सुचवू नका, त्याने ह्या गाठी जात नाहीत. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांना होय-नाही कळवायचंय, घरात हार्टचा पेशंट असताना ज्यांनी हे केलंय त्यांनी तर नक्कीच लिहा.