प्रादेशिक परिषदा नैसर्गिक साधनसंपत्तीचे आराखडे कसे तयार करतात?

गिरणाकाठ (भडगाव): न्यूझीलंडमध्ये पाणी, माती आणि हवा यांच्या व्यवस्थापनाचे आराखडे प्रादेशिक परिषदा (तेथील निवडून आलेल्या स्थानिक संस्था) करतात, असे वाचनात आले. ही प्रक्रिया नेमकी कशी चालते? गिरणेचे धरण नाशिक जिल्ह्यातील नांदगाव तालुक्यात आणि लाभक्षेत्र बहुतांशी जळगाव जिल्ह्यात; अशा नदीचा आराखडा आपल्याकडे कोणी करायचा?

तापीकर: तेथे १९८९ मध्ये परिषदांच्या हद्दी मुख्यतः नद्यांच्या पाणलोटांवरून आखल्या गेल्या, त्यामुळे आपल्या गिरणेची अडचण तेथे फारशी उद्भवत नाही. १९९१ च्या साधनसंपत्ती व्यवस्थापन कायद्याने घालून दिलेल्या पद्धतीप्रमाणे परिषद आधी माओरी (तेथील मूळ रहिवासी) जमातींशी सल्लामसलत करून मसुदा करते आणि प्रत्येक नियमाचे लाभ व खर्च तपासणारा अहवाल त्यासोबत प्रसिद्ध करते. त्यानंतर किमान ४० कामकाजाचे दिवस लेखी निवेदने स्वीकारली जातात, ती सर्वांना पाहण्यासाठी खुली होतात, सुनावणी होते आणि परिषदेला कारणांसह निर्णय द्यावा लागतो. तो मान्य नसल्यास निवेदन देणाऱ्यास पर्यावरण न्यायालयात दाद मागता येते. माझ्या मते सगळा जोर या शेवटच्या तरतुदीत आहे. हरकत फायलीत पडून राहणार नाही, याची धास्ती असल्यावर मसुदा करणाराही जपून लिहितो.

पांझरेकर (साक्री): आपल्याकडे ७४ व्या घटनादुरुस्तीनुसार जिल्हा नियोजन समितीने पाण्याचे वाटप आणि पर्यावरण संवर्धन विचारात घ्यावयाचे असते, परंतु तिचा अधिकार जिल्ह्याच्या वेशीवर संपतो. खोऱ्याचा विचार महाराष्ट्राच्या २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात आहे. त्यात पाटबंधारे महामंडळांनाच नदीखोरे अभिकरण, म्हणजे त्या-त्या खोऱ्याची जबाबदार यंत्रणा, ठरवले आहे, म्हणजे आपल्या प्रश्नाचे कायदेशीर उत्तर तापी पाटबंधारे विकास महामंडळ. धरणे बांधणाऱ्या यंत्रणेनेच खोऱ्याचा समतोल राखावा, ही अपेक्षा जरा जास्तच वाटते.

लोकांच्या सहभागाचे म्हणाल, तर पांझरा नदीवरच्या फड पद्धतीत तो होताच; फड म्हणजे बंधाऱ्याच्या पाण्यावर भिजणाऱ्या शेतजमिनीचा एक गट. बंधाऱ्यातील पाण्याचा अंदाज घेऊन कोणत्या फडात ऊस, कोणत्या फडात भुसार आणि कोणता फड पडीक, हे लाभधारक मिळून ठरवत. त्यानंतर पाटकरी पाळीने पाणी देई. मात्र बंधाऱ्याखालच्या गावांना त्या बैठकीत जागा नव्हती.

गिरणाकाठ (भडगाव): आभारी आहे. आमच्याकडे आवर्तनांचा निर्णय कालवा सल्लागार समितीत होतो. पुढील बैठकीपूर्वी लेखी निवेदन देऊन त्यावर कारणांसह उत्तर मागणार आहे.