हीट पंपाच्या गरम पाण्यावर खोली गरम करायची आहे: एफसीयू (फॅन कॉइल युनिट, म्हणजे कॉइल आणि ब्लोअर एकत्र) कसा बसवावा?

बेसा_बांधकाम
नागपुरात बेशाला घराचं काम सुरू आहे, प्लास्टर व्हायचं आहे. वरच्या मजल्यावर आईबाबांची खोली १२ बाय १४ फूट, उंची १० फूट. उत्तर आणि पश्चिमेची भिंत बाहेरची, ९ इंची विटांची, वर थेट स्लॅब. खिडकी एक, ६ बाय ४. गच्चीवर ३०० लिटरचा हीट पंप (हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारा) येणार आहे, तो चार जणांच्या आंघोळीसाठी. डिसेंबर-जानेवारीत त्याच टाकीचं पाणी कॉइलमधून फिरवून, मागे ब्लोअर लावून खोली गरम करता येईल का? प्लंबर म्हणतो, "टी मारू, पंप लावू, झालं." एसीवाला म्हणतो, असं इकडे कोणी करत नाही. मला कॉइलचा साइज, पंप, पाइप आणि पुढची देखभाल हे सगळं नीट हवं आहे. बजेटचं नंतर पाहू.

उष्मागणित
आधी खोलीला उष्णता किती लागते ते काढा, कॉइल नंतर. बाहेर १० अंश, आत २२ धरा, म्हणजे फरक १२ अंशांचा. साध्या स्लॅबमधून ५५० ते ६०० वॉट जातात. दोन बाहेरच्या भिंतींतून साधारण ५५०, एकेरी काचेतून १५०. फटींतून तासाला खोलीभर हवा बदलते असं धरलं तर आणखी १९० च्या आसपास. बेरीज दीड किलोवॉटच्या जवळ जाते. थंड खोली लवकर तापावी म्हणून कॉइल अडीच-तीन किलोवॉटची घ्यावी.

पण तुमच्या खिडकीत कूलर बसणार असेल तर हा हिशेब विसरा. नागपुरात अर्ध्या घरांत कूलर बारा महिने खिडकीतच असतो, भोवती प्लायचे तुकडे आणि थर्माकोल. ताट्या कोरड्या असल्या की त्यातून वारा सरळ आत येतो. हवा तासाला तीनदा बदलली तर १९० चे साडेपाचशे वॉट होतात. नोव्हेंबरात कूलरच्या तोंडावर आतून फोम लावलेला प्लाय घट्ट बसवा. खर्चाच्या मानाने याहून मोठा फायदा दुसऱ्या कशात नाही. स्लॅबवर ब्रिकबॅट कोबा करणार असाल तर त्याखाली इन्सुलेशनचा थर टाकून घ्या, तो मे महिन्यातही कामाला येईल.

आता टाकी. ३०० लिटर पाणी ५५ वरून ४२ अंशांवर आलं की साडेचार युनिट उष्णता मिळते. त्याखाली गेलात तर सकाळची आंघोळ कोमट. रात्रभराची सरासरी गरज १.१ किलोवॉट धरली तर हे चार तास पुरतं. रात्री साडेनऊला सुरू केलं तर दीडला संपलं. ५०० लिटरची टाकी घेऊन ३८ अंशांपर्यंत उतरलात तर दहा युनिटच्या जवळपास मिळतात आणि रात्र निघते.

इथे आपल्या हवेचा एक फायदा आहे. जानेवारीत दुपारी २८ आणि पहाटे १० असा फरक नागपुरात नेहमीचा. हीट पंप बाहेरच्या हवेतून उष्णता ओढतो, त्यामुळे दुपारी त्याच विजेत जास्त गरम पाणी मिळतं. टाइमर १२ ते ४ चा लावा, रात्री फक्त साठा वापरा. टाकीतला २ किलोवॉटचा बॅकअप रॉड मात्र रात्री बंद राहील अशी वायरिंग करा. नाहीतर कॉइल पाणी थंड करत राहील, रॉड ते तापवत राहील, आणि तुम्ही हीट पंपाच्या नावाखाली गिझरवर खोली तापवाल. बिल येईपर्यंत हे कळतही नाही.

कॉपर_पितळ
"टी मारू" (टाकीच्याच पाइपाला फाटा काढून कॉइल जोडणं) हे चुकीचं आहे आणि त्याचं कारण पाणी. बेशाकडे बोअरचं पाणी जड. तेच पाणी कॉइलमधून फिरवलं तर बारीक नळ्यांत क्षार बसतो, आणि ६० अंशांच्या वर तापवलंत तर फारच वेगाने. दुसरं म्हणजे वर्षातले दहा महिने कॉइल बंद. त्यातलं साचलेलं पाणी नोव्हेंबरात आंघोळीच्या नळाला येणार. अमेरिका-कॅनडात टाकीचं पाणी थेट कॉइलमधून फिरवतात, पण तिथे साचू नये म्हणून पंप ठरावीक वेळाने थोडा वेळ चालवणारा टाइमर असतो आणि सगळं सामान पिण्याच्या पाण्याला चालणारं लागतं. आपल्याकडे सरळ दोन पाणी वेगळी करा.

मध्ये २० प्लेटचा छोटा ब्रेझ्ड प्लेट हीट एक्स्चेंजर, म्हणजे दोन पाणी न मिसळता एकाची उष्णता दुसऱ्याला देणारा पत्र्यांचा गठ्ठा. एका बाजूला टाकीचं पाणी, दुसऱ्या बाजूला बंद लूप, म्हणजे कॉइलमधून तेच तेच फिरणारं पाणी. त्यामुळे दोन पंप लागतील. टाकीच्या बाजूचा पंप स्टेनलेस किंवा ब्राँझ बॉडीचाच घ्या, कारण त्या पाण्यात सतत नवा ऑक्सिजन येतो आणि बिडाचा पंप गंजतो. बंद लूपमध्ये बिडाचा चालतो. दोन्हीकडे तीन स्पीडचा इन-लाइन सर्क्युलेशन पंप, ४ ते ६ मीटर हेडचा. अर्धा एचपीचा मोनोब्लॉक किंवा प्रेशर पंप लावू नका. गरम पाण्यात त्याचं सील टिकत नाही आणि गरजेपेक्षा कितीतरी जास्त पाणी फेकतो. अडीच किलोवॉटला मिनिटाला साडेचार-पाच लिटर पाणी पुरे आहे, तेवढ्याला पाऊण इंची सीपीव्हीसी भरपूर झाला. एसडीआर ११ चाच (जाड भिंतीचा) घ्या. १० मीटर सरळ पाइप ४० अंशांनी तापला की सुमारे अडीच सेंटिमीटर वाढतो, म्हणून लांब ओळीत एक यू-वळण ठेवा आणि क्लॅम्प आवळून टाकू नका.

कॉइलसाठी एक टनाचा चिल्ड वॉटरचा एफसीयू घ्या, तीन रांगांचा, ३०० ते ४०० सीएफएमचा (मिनिटाला तेवढे घनफूट हवा). हॉटेलात लागतो तोच. ५० अंशांचं पाणी दिलं की तो तीन-चार किलोवॉट सहज देतो आणि ४० अंशांवरही दोनच्या आसपास. जोडणी करताना गरम पाणी हवा बाहेर पडते त्या बाजूच्या रांगेत आत सोडा. पाणी हेडरच्या खालून आत आणि वरून बाहेर, म्हणजे हवा आपोआप वर जाते. उलटं जोडलं तर अर्धी कॉइल हवेने भरलेली राहते आणि मग "गरम होत नाही" म्हणून कंपनीला फोन. कॉइलच्या तोंडाला जीआय निपल लावू नका. तांबं आणि जीआय भिडले की जीआय झिजतो. पितळी युनियन लावा.

लूपवर एवढं हवंच: पंपाआधी वाय-स्ट्रेनर (कचरा अडवणारी गाळणी), सर्वांत वरच्या जागी ऑटो एअर व्हेंट, जास्तीचा दाब सोडणारा ३ बारचा रिलीफ व्हॉल्व्ह, खाली ड्रेन कॉक, आणि पंपाच्या सक्शन बाजूला ५ लिटरचा एक्स्पान्शन टँक (तापून वाढलेलं पाणी सामावणारा). ३० मीटर पाइप धरला तरी लूपमध्ये दहाएक लिटरच पाणी असतं, त्यामुळे मोठा टँक नको. टँकची हवा आधी १ बार करून घ्या, मग थंड पाणी १.२ बारपर्यंत भरा. टँक डिलिव्हरीच्या बाजूला लावला तर सक्शनला दाब घटतो, आणि सगळं गच्चीवर असल्याने व्हेंटमधून हवा आत ओढली जाते. गुळगुळ आवाज येतो तो त्याचा.

एक्स्चेंजरच्या टाकीकडच्या दोन्ही तोंडांना टी आणि बॉल व्हॉल्व्ह आत्ताच ठेवा. वर्षातून एकदा ऑक्टोबरात तिथे बादली आणि छोटा पंप जोडून ५ टक्के सायट्रिक ॲसिड, म्हणजे १० लिटर कोमट पाण्यात अर्धा किलो, पाऊण तास फिरवायचं, मग साध्या पाण्याने धुवायचं. ब्रेझ्ड एक्स्चेंजर उघडून साफ करता येत नाही. हे व्हॉल्व्ह नसले तर पाइप कापावा लागेल.

बेसा_बांधकाम
समजलं. दोन प्रश्न: लूपमध्ये अँटीफ्रीझ लागेल का? आणि एफसीयू छताला लावला तर गरम हवा वरच राहणार ना?

कॉपर_पितळ
अँटीफ्रीझ नको. २०१८ च्या डिसेंबरात नागपूरचा पारा ३.५ पर्यंत उतरला होता, तरी शून्य लांबच. ग्लायकॉल घातलं तर उष्णता कमी वाहून नेली जाईल आणि पंपावर भार वाढेल. आरओचं किंवा सॉफ्टनरचं पाणी भरा आणि बंद लूपसाठी मिळणारा गंजरोधक डब्यावर लिहिलेल्या मापाने घाला. ड्रेन करताना पाणी लालसर-काळं आलं तर कुठेतरी लोखंड आहे आणि बाहेरची हवा आत येते आहे.

थर्मोस्टॅट_धंतोली
हवा वरच राहते, बरोबर. भिंतीलगत जमिनीवरचा एफसीयू मिळाला तर उत्तम. छतातला घेतलात तर ग्रिलची पाती खाली वळवा आणि परतीची हवा जमिनीजवळून डक्टने वर न्या. पलंगावर झोत येऊ देऊ नका. ३५ अंशांची हवासुद्धा वेगाने अंगावर आली की थंड वाटते, म्हाताऱ्या माणसांना तर नक्कीच.

कंट्रोल कोणी लिहिलं नाही, आणि तक्रारी तिथूनच येतात. खोलीच्या थर्मोस्टॅटने थेट ब्लोअर सुरू करायचा नाही. त्याने दोन्ही पंप सुरू करायचे. कॉइलच्या येणाऱ्या पाइपावर पट्टीचा थर्मोस्टॅट बांधा, ३५ अंशांवर ब्लोअरला सप्लाय देणारा. नाहीतर पहिली दोन मिनिटं गार वारा येतो. टाकीच्या मध्यावर तिसरा सेन्सर, ४२ खाली गेलं की सगळं बंद. पंप आणि ब्लोअर मिळून १३० वॉटच्या आसपास, घरच्या इन्व्हर्टरवर आरामात चालतात.

देखभालीत फिल्टर सगळ्यांत आधी. सिमेंट रस्त्यांची धूळ, कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांकडे असाल तर राख. हंगामात दर पंधरा दिवसांनी जाळी धुवा. कॉइलच्या पात्या वर्षातून एकदा मऊ ब्रशने, पात्यांच्या दिशेने, साबणाच्या पाण्याने. ॲल्युमिनियमच्या पात्यांना ॲसिड लावायचं नाही, एक्स्चेंजरचं उरलेलं सायट्रिकही नाही.

बिघाड ओळखायला दोन स्वस्त पाइप-थर्मामीटर लावा, एक येणाऱ्या आणि एक जाणाऱ्या पाइपावर. चालू स्थितीत फरक ६ ते १० अंश हवा. फरक दोन-तीनच असेल आणि खोली तापत नसेल तर पाणी ठीक आहे, हवा कमी पडते आहे: फिल्टर, पात्या किंवा ब्लोअरचा कपॅसिटर पाहा. फरक १५-२० असेल तर पाणीच अडलं आहे: स्ट्रेनर, लूपमधली हवा, अर्धवट उघडा व्हॉल्व्ह. आणि दोन्ही थर्मामीटर सारखेच कोमट असतील तर एक्स्चेंजर चोंदलाय किंवा टाकीच थंड आहे, टाकीचा आकडा बघून ठरवा.

उन्हाळ्यात टाकीकडचे दोन्ही बॉल व्हॉल्व्ह बंद करा. लूपचा रिलीफ आणि एक्स्पान्शन टँक मात्र कधीही तोडायचा नाही. पुढे कधी हीट पंप खाली हलवला तर एनआरव्ही (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह) लावा, कारण टाकी खाली आणि कॉइल वर असली की गरम पाणी पंपाशिवायही वर चढतं. मे महिन्यात, बाहेर ४५ असताना, खोलीत कॉइल तापत राहील!

सीताबर्डी_सरळ
राजेहो, एवढं सगळं एका खोलीसाठी काहून करून राहिले? हिशेब लावा. रात्री दहा युनिट उष्णता, थंडीच्या साठ रात्री, म्हणजे ६०० युनिट. ऑइल हीटरवर ६०० युनिट वीज. हीट पंपावर साडेतीन पट धरले तर १७० आणि पंप-ब्लोअरचे ७०, म्हणजे २४०. वाचले ३६० युनिट, तेही वर्षातून एकदा. त्यात दोन पंप, एक्स्चेंजर, एफसीयू, प्लंबर. हॉट अँड कोल्ड इन्व्हर्टर एसी लावा, वीज तेवढीच वाचते, उन्हाळाही निघतो, आणि पाण्याची भानगड नाही.

उष्मागणित
एका खोलीसाठी त्यांचं म्हणणं बरोबर आहे, वाद नाही. एसीच्या गरम हवेला पहाटे बाहेरच्या १० अंशांतून उष्णता ओढावी लागते, दुपारचा साठा नसतो, एवढाच फरक, आणि तो फार मोठा नाही. दोन-तीन खोल्या एकाच लूपवर असतील तर मात्र एक्स्चेंजर आणि पंप तेच राहतात, फक्त एफसीयू आणि थोडा पाइप वाढतो. टाकी तेवढी मोठी लागेल.

बेसा_बांधकाम
दोन खोल्या होऊ शकतात, पण ते पुढच्या वर्षी. मग प्लास्टरआधी काय करून ठेवू?

कॉपर_पितळ
गच्चीपासून प्रत्येक खोलीपर्यंत पाऊण इंची एसडीआर ११ ची जोडी टाका, जाणारा आणि येणारा, दोन्हीवर १३ मिमी नायट्राइल (रबरी इन्सुलेशन). गच्चीवर उघडा राहणारा भाग ॲल्युमिनियम पत्र्याने झाका, नाहीतर दोन उन्हाळ्यांत नायट्राइलचा भुगा होतो. पाइपाला हवा साठेल असा उंचवटा मध्ये कुठे येऊ देऊ नका. सिमेंट सोल्युशन लावल्यावर २४ तास थांबा, मग पाण्याने साडेचार बार दाब देऊन दोन तास काटा बघा. एक्स्पान्शन टँक आणि रिलीफ त्या वेळी जोडायचे नाहीत. काटा हलला नाही तरच प्लास्टर. टोकांना कॅप, भिंतीवर खूण, आणि चाचणीनंतर पाणी काढून टाका. एफसीयूच्या जागी ५ अँपिअरचा पॉइंट आणि थर्मोस्टॅटसाठी गच्चीपर्यंत रिकामा पाऊण इंची कंड्युट. हीट पंपाची टाकी घेताना जास्तीची दोन तोंडं असलेली मागा. ती कारखान्यातच बसतात, नंतर टाकीला भोक पाडता येत नाही.