नाताळची गाणी गिटारवर: बार कॉर्ड नको, सोप्यातली सोपी सांगा

तिखटमीठ:
मंडळी मदत हवीये. आमच्या सोसायटीत (वाकड) २४ डिसेंबरला संध्याकाळी क्लबहाऊसमध्ये मुलांची गाणी असतात, आतापर्यंत कराओके लावून भागायचं, यंदा कुणीतरी आमच्याकडे भिंतीला टांगलेली गिटार बघितली आणि झालं, माझं नाव यादीत. गिटार नवऱ्याची कॉलेजातली, त्याला विचारून उपयोग नाही. मी लहानपणी पेटी शिकलेय त्यामुळे सूर कळतात पण कॉर्ड्स (एकदम वाजवायचे तीन-चार सूर) शून्य, एफ हा बार कॉर्ड (एकच बोट सगळ्या तारांवर आडवं) दाबला की नुसती खरखर. क्लास लावायला वेळ नाही. दोन-तीन गाणी सुचवा प्लीज. आणि बोटं दुखायची कधी थांबतात??

वसईचा_वारा:
एफ सोडून द्या, लागतच नाही. आमच्याकडे वसईत नाताळात घरोघरी गात फिरतात, त्यात मी बरीच वर्षं वाजवतोय आणि सगळे नवीन लोक पहिल्यांदा जिंगल बेल्सवर उडी मारतात. तिथेच गाडी अडते कारण मुलं ते पळवत नेतात आणि तुमचा कॉर्ड बदलेपर्यंत ती पुढच्या ओळीला. आधी सायलेंट नाइट घ्या. जी, सी आणि डी सेव्हन, बास. अख्खं गाणं तीन कॉर्डमध्ये, आणि संथ, एकेक कॉर्ड निवांत पुरतो. ठेका तीनचा: अंगठ्याने जाड तार, मग दोनदा हलकेच खाली. क्रम असा, पहिल्या 'नाइट'पासून दुसऱ्या 'नाइट'पर्यंत जी, 'ऑल इज काम'ला डी सेव्हन, 'ब्राइट'ला परत जी, मग सी-जी, सी-जी, आणि शेवटी जी-डी सेव्हन-जी फिरवत संपवायचं. सी मधून डी सेव्हनला जाताना पहिलं बोट (बारीक बाजूने दुसरी तार, पहिला फ्रेट म्हणजे दांड्यावरचा पहिला खण) उचलूच नका, दोन्हीत ते तिथेच असतं. ही एक गोष्ट कळली की अर्धं काम झालं.
आणि हे गाणं मुळात गिटारचंच आहे बरं का. १८१८ च्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी ऑस्ट्रियात ओबर्नडॉर्फच्या चर्चमध्ये पहिल्यांदा गायलं गेलं ते गिटारवरच, शब्द योझेफ मोअर या पाद्र्याचे, चाल फ्रान्त्स ग्रूबर या शिक्षकाची. उंदरांनी ऑर्गन कुरतडला म्हणून गिटार घेतली अशी गोष्ट सगळे सांगतात, तिला पुरावा नाही, पण मुलांना सांगा, रंगते.

पांढरी_चार:
ताई, पेटी येते ना मग कॉर्डच्या मागे कशाला, एकेक सूर वाजवा. जिंगल बेल्सचं धृपद, सा म्हणजे पांढरी एक: ग ग ग, ग ग ग, ग प सा रे ग. म म म म म, ग ग ग ग ग, रे रे ग रे प. गिटारवर सगळ्यात बारीक दोन ताराच लागतात. पहिली तार मोकळी म्हणजे ग, पहिला फ्रेट म, तिसरा प. दुसऱ्या तारेवर पहिला सा, तिसरा रे. संपलं! जॉय टू द वर्ल्डची पहिली ओळ तर सरळ अवरोह आहे, सां नी ध प म ग रे सा, फक्त लय जुळवून घ्या.

वसईचा_वारा:
@पांढरी_चार घरी वाजवायला झकास, पण वीस पोरं गायला लागली की एकेरी सूर ऐकू येत नाही हो. तिथे कॉर्डच पाहिजेत.

तार_तुटली:
या दोघांचं भांडण चालू दे, आधी गिटार बघा. कॉलेजपासूनच्या तारा म्हणजे गंजलेल्या असणार, बोटं त्यानेच जास्त सोलतात. लाइट गेजचा (बारीक तारांचा) सेट टाका. पण टाकायच्या आधी गिटार नायलॉन तारांची आहे का बघा, बारीक तीन तारा प्लॅस्टिकच्या दिसत असतील तर तिच्यावर स्टील चढवू नका, ताण इतका असतो की ब्रिज (तारा अडकवलेली लाकडी पट्टी) उखडून येतो. तारा फ्रेटपासून फार उंच असतील तर रिपेअरवाल्याकडून खाली करून घ्या. एवढं केलं आणि रोज थोडं थोडं वाजवलं तर काही आठवड्यांत टोकं निबर होतात, मग त्रास नाही. पाण्यात हात घातल्या घातल्या मात्र वाजवू नका.

तिखटमीठ:
स्टीलच्याच आहेत, आणि हो, गंजल्यात 😐 उद्याच बदलते. सायलेंट नाइट जमतंय असं वाटतंय, पण जी मध्ये पोरांची सुरुवातच खाली जाते, कुजबुजल्यासारखं होतं. काय करू?

वसईचा_वारा:
कॅपो (दांड्यावर सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) घ्या, स्वस्तात मिळतो. तिसऱ्या फ्रेटवर लावा, बोटं तीच, पट्टी काळी पाच होते. चर्चमध्ये बऱ्याचदा याच पट्टीत गातात. शेवटी 'हेवनली' दोनदा येतं, त्यातल्या पहिल्याला सूर खूप वर जातो, तिथे पोरं किंचाळली तर कॅपो दुसऱ्या फ्रेटवर आणा. जिंगल बेल्सला वर आणखी एक ए सेव्हन लागेल, दोन बोटांचा आहे. फक्त धृपद घ्या, कडवी कुणालाच पाठ नसतात.

पांढरी_चार:
आणि मधे दोन ओळी सुरांवर वाजवा की. आमचा मान राहील.