'ब्रांच्ड पॉलिमर'ला मराठीत काय म्हणावे?

पाटीपेन्सिल: बारावीच्या मुलांसाठी लेख लिहितेय. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात रसायनशास्त्रज्ञ मात्याशेव्स्कींच्या गटाने पाण्यात, हिरव्या प्रकाशावर, इओसिन-वाय हा रंग आणि तांब्याचे संयुग वापरून फांद्या असलेले पॉलिमर (छोटे रेणू जोडून बनलेल्या लांब साखळ्या) तयार केले. भांडे हवेला उघडे असले तरी चालते. मी 'शाखित बहुवारिक' लिहिले, संपादकांनी खोडले. 'फांदीदार' चालेल?

चंदनवेल: खोडायचे कारण काय? विश्वकोशात बहुवारिक म्हणजे पॉलिमर आहे, एकवारिक म्हणजे त्याच्या साखळीतला एकेक छोटा रेणू, तोही आहे. वापरलेच नाहीत तर हे शब्द रुळणार कसे?

मळेवाला: बहुवारिक कोणी बोलताना ऐकलेय का? पॉलिमर मराठीच झालाय आता. फांदीचे म्हणाल तर मला आधी सांगा, ती फुटते कशी?

पाटीपेन्सिल: सोडियम ब्रोमोअ‍ॅक्रिलेट नावाचा एकवारिक घालतात. तो साखळीत गुंफला गेला की त्याच्यावरच्या ब्रोमिनच्या जागेवरून नवी साखळी वाढू लागते. त्याचे प्रमाण वाढवले की फांद्या वाढतात.

मळेवाला: मग तो डोळा झाला! उसाच्या कांडीवर असतो तसा. आमच्या निफाडकडे द्राक्षाच्या काडीला बाजूने फुटते ती बगलफूट. 'बगलफुटीचा पॉलिमर' लिहा, शेतकऱ्याच्या पोराला लगेच कळेल.

चंदनवेल: बगलफूट खुडून टाकतात. इथे फांद्या मुद्दाम आणायच्या आहेत, अर्थ उलटा होतो. शिवाय 'शाखित'वरून 'अतिशाखित' करता येतो. बगलफुटीवरून काय कराल?

मळेवाला: खुडतात हे मान्य. पण मग 'फुटवे' घ्या. गहू-उसाला फुटवे हवेच असतात.

चंदनवेल: फुटवे बुडातून येतात. मधूनच फुटणाऱ्या साखळीला तो शब्द लागत नाही.

गुलाबीस्लाइड: मी पॅथॉलॉजीत आहे. ऊतींच्या स्लाइडवर गुलाबी दिसतो तो हाच इओसिन. ग्रीक 'इओस' म्हणजे पहाट, म्हणजे आपल्या उषेवरूनच आलेला शब्द.

चंदनवेल: उषेवरून नाही. इओस आणि उषस् बहिणी, दोघींचे मूळ त्याहून जुने.

गुलाबीस्लाइड: बहिणी तर बहिणी. मग 'उषीन' म्हणायला काय हरकत आहे?

मळेवाला: हरकत आहे. बाटलीवर इओसिन छापलेले असते. प्रयोगशाळेत पोरगं उषीन मागेल तर कोण देईल त्याला?

पाटीपेन्सिल: इओसिन तसाच ठेवतेय. पण फांदीचे काय करू? लेख उद्या द्यायचाय.

गुलाबीस्लाइड: उषेचा आणि 'उष्ण'चा काही संबंध आहे का हो?